शीव बांधली त्या साली

माझी थोरली लेक चतुरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ते साल १९८७. तिला सातवा महिना लागला होता आणि चैत्र सरत आला होता. पालमच्या वरच्या माळावर आमची साठ-सत्तर घरांची वाडी. अर्धी घरं शेतीवाल्यांची, अर्धी आम्हा मेंढरंवाल्यांची. एरवी माहेरवाशीण आली की बाया दारात उभ्या राहतात. त्या दिवशी चतुरा बैलगाडीतून उतरली तर गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. सगळं गाव दत्तरावाच्या मेंढवाड्यापुढं जमलं होतं.

लेकीला दारात सोडून मीही तिकडं पळालो. गर्दीतून वाट काढून बघतो तर एक मेंढी नुकतीच व्यालेली. कोकरू आईच्या पोटाला तोंड घासत होतं, पण सड त्याला सापडत नव्हतं. ते मेंढीच्या पायाला धडकायचं, मागं पडायचं, परत उठून वाड्याच्या काट्यांत शिरायचं. दत्तरावानं ते उचललं आणि अंगठ्यानं त्याची पापणी वर केली. आत डोळा नव्हता. हरभऱ्याएवढी पांढरी गोळी होती.

"हे अकरावं," दत्तराव म्हणाला.

मागून एक बाई म्हणाली, की हे आंधळं निपजलेलं नाही, ह्याचे डोळे कुणीतरी काढून घेतलेत. जो तो शेजारच्याकडं बघायला लागला. मला त्या बघण्याची भीती वाटली. आजही त्या दिवसाची आठवण आली की कोकराच्या आधी मला ती एकमेकांकडं बघणारी तोंडं दिसतात.

मग गर्दी कोकरू घेऊन मरीआईच्या देवळाकडं निघाली, कारण देवळात मुंजाजीबुवा होते.

हे बुवा कोण ते सांगतो. आदल्या साली आषाढात आमच्या मेंढरांना देवी आल्या. अंगभर फोड, तोंडाला लाळ आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेंढरू आडवं. पंधरा दिवसांत दीडशे मेंढरं गेली. त्यात पाऊस नव्हता, त्याच्या आधीच्या सालीही नव्हता. अशा वेळी हे बुवा गळ्यात कवड्यांची माळ घालून, एक चेला बरोबर घेऊन आले. कुठून आले ते कुणी विचारलं नाही. त्यांनी देवळापुढं तीन दगडांवर कढई ठेवली, तेल ओतलं, तेल खदखदायला लागलं तशी त्यात चांदीची अंगठी टाकली आणि हात घालून ती बाहेर काढली. हाताला फोड सोडा, लालीसुद्धा नाही. तो हात मी स्वतः हातात धरून बघितला होता. कोमट होता. मला वाटलं, देवीनं गार केला.

बुवांची बोलण्याची एक तऱ्हा होती. "मी कोण? मी कुणीच न्हाई. माझ्या तोंडानं ती बोलतीया, माझ्या पायानं ती चालतीया." जेवायचं मात्र ते स्वतःच जेवायचे. गावचे पाटील किशनराव यांच्या घरचं तूप देवीच्या तोंडी गेल्याचं कधी ऐकलं नाही.

त्या कढईनंतर बुवांनी शीव बांधली. शीव बांधणं आमच्याकडं जुनं आहे. गावाच्या हद्दीवरून सात पदरी दोरा फिरवायचा, चार कोपऱ्यांना लिंबू, बिब्बा आणि लोखंडी खिळा पुरायचा, म्हणजे रोगराई आत येत नाही असं मानतात. वाडवडील आठ-पंधरा दिवसांसाठी बांधत आणि सोडत. बुवांनी सोडलीच नाही. त्यांचा हुकूम असा होता, की मेंढरू शिवेबाहेर जायचं नाही आणि शिवेबाहेरची हिरवी काडी आत यायची नाही, कारण रोग हिरव्याला चिकटून येतो. जो कुणी मोडील त्याच्या हातून गावाचा नाश होईल. माणसांनी कामाधंद्याला जावं-यावं, तेवढी मुभा होती.

दरसाल दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठाला उतरायचो. त्या साली कुणी उतरलं नाही. गायरान करपलेलं. मेंढरं वाळका कडबा, भुसकट आणि थोडी सरकी खाऊन जगली. देवी मात्र थांबल्या होत्या. ज्या मेंढ्या मरायच्या त्या मेल्या आणि ज्या उठल्या त्यांना देवी परत येत नाहीत, हे आता मला ठाऊक आहे. तेव्हा सगळ्यांनी ते बुवांच्या दोऱ्याच्या खाती टाकलं. दोरा धरून हद्दीवर फिरणाऱ्यांत मीही होतो. चारी खिळे मीच ठोकले होते.

तर त्या दिवशी बुवांनी कोकरू मांडीवर घेतलं, डोळे मिटले, मान डोलवली आणि विचारलं, "समद्यांचीच आंधळी हायती, का कुणाची डोळस बी हायती?"

प्रश्न बरोबर होता. पुढं डॉक्टरांनीही हाच विचारला. डॉक्टरांना त्यातून कारण शोधायचं होतं, बुवांना माणूस शोधायचा होता, एवढाच फरक.

कुणीतरी म्हणालं, भिवराबाईच्या दोन शेळ्यांना तीन करडं झालीत आणि तिन्ही टकाटका बघतात.

भिवराबाई माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायचो. विधवा, मूलबाळ नाही, वाडीच्या टोकाला एकटी राहायची आणि रोज दीड कोस चालून गंगेकाठच्या एका मळ्यात खुरपायला जायची.

"बगा," बुवा म्हणाले. "गावाच्या कोकरांचे डोळे गेले आन् हिच्या करडांना आले. कुणी नेले ते मी सांगू का तुमी सांगताव?"

अक्का गर्दीच्या कडेला उभी होती. दत्तरावानं तिला दंडाला धरून पुढं आणलं. काय करायलीस, काय खाऊ घालायलीस, असं दहा जणांनी विचारलं. ती पदराचं टोक तोंडात धरून जमिनीकडं बघत राहिली. तिची बाजू घ्यावी की नाही अशा विचारात जी चार माणसं होती, ती तिच्या गप्प राहण्यानं पलीकडं गेली. बुवांनी निवाडा दिला. परवा मंगळवारी दुपारी कढई. अंगठी तिनं काढायची. निर्दोष असली तर हात बुवांसारखाच शाबूत बाहेर येईल. दोषी असली तर देवी बघून घेईल आणि मग गावानं तिला शिवेबाहेर हाकलायचं. त्याच तेलात नंतर प्रसादाच्या पुऱ्या तळायच्या, असंही ठरलं, आणि पुऱ्यांचं काम माझ्या बायकोवर, कोंडाबाईवर आलं.

मी पुढं होऊन म्हणालो, की ही माझी सख्खी बहीण आहे. बुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फक्त मला ऐकू जाईल असं, माझं नाव घेऊन म्हणाले, "येडबा, तुजी लेक आलीया नव्हं? सातवा का? मेंढरांचं झालं की मानसांचं सुरू हुतंय. पोटातलं सांबाळ."

मी मागं सरलो. हे लिहिताना लाज वाटते, पण मागं सरलो हे खरं आहे.

दिवेलागणीला चतुरा पाणी घ्यायला उठली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. विचारलं तर रडायला लागली. सांज झाली की तिला दिसत नव्हतं. पंधरा दिवस झाले होते आणि सासरी तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बुवांचा हात अजून माझ्या खांद्यावर आहे असं मला वाटत राहिलं.

सकाळी उठून मी अक्काकडं गेलो. ती अंगणात करडांना पाणी दाखवत होती.

"अक्का, खरं सांग. काय केलंस?"

"शीव मोडली," ती म्हणाली.

मळ्यात लसूणघास होता. खुरपून परत येताना ती रोज दोन मुठी टोपलीच्या तळाला, फडक्याखाली झाकून आणायची. कार्तिकात तिच्या शेळ्या संध्याकाळी खुंट्याला धडकायला लागल्या होत्या. एकदा सहज घास घातला, चार-सहा दिवसांत शेळ्या नीट चालायला लागल्या, म्हणून ती आणत राहिली.

"मग हे काल बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? मोडणाऱ्याच्या हातून नाश हुईल म्हणले हुते. मी मोडली आन् कोकरं आंधळी निपजली. येडबा, हे मीच केलंय. मला घालू दे हात. जळला तर फिटंल तरी."

ती बुवाला घाबरली असेल असं मला रात्रभर वाटत होतं. ती स्वतःला घाबरली होती. तिच्या तीन करडांकडं बघायचीसुद्धा तिला भीती वाटत होती.

परत येताना दत्तरावाच्या वाड्यामागं एक मेलेलं कोकरू टाकलेलं दिसलं. मी का वाकलो ते नीट सांगता येत नाही. एवढंच डोक्यात होतं, की परभणीला जनावरांचे मोठे डॉक्टर असतात आणि मंगळवार उद्या आहे. कोकरू पोत्यात घातलं, पोतं घोंगडीत गुंडाळलं आणि पालमची वाट धरली. शिवेवरचा दोरा ओलांडताना पोतं पोटाशी घट्ट धरलं. एसटीत कंडक्टरनं वास कसला म्हणून विचारलं, तर मी ओली लोकर म्हणून सांगितलं. गंगाखेडला गाडी बदलून दुपारी परभणीत उतरलो आणि विचारत विचारत डॉक्टर बन्सीधर खंदारे यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. तिशीचा बारीक माणूस. पोतं उघडलं तरी त्यानं नाकाला रुमाल लावला नाही. पापण्या उघडल्या, चिमट्यानं ती पांढरी गोळी काढून बघितली, पोट उघडून बघितलं, हात धुतले आणि मग विचारलं, "मामा, संध्याकाळी मेंढ्या वाड्याला धडकतात का?"

मी दचकलो. धडकत होत्या. पण मी ते त्यांना सांगितलं नव्हतं.

"तुमाला कसं कळलं?"

"सांगतो. आधी सांगा, हिरवा चारा शेवटचा कधी खाल्ला त्यांनी?"

मी शीव बांधल्याचं सांगितलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले. आषाढ ते चैत्र, नऊ. ते म्हणाले, हिरव्या पाल्यातून जनावराला जीवनसत्त्व अ मिळतं. ते काळजात, म्हणजे यकृतात, साठून राहतं आणि हिरवं बंद झालं तरी काही महिने पुरतं. साठा संपला की पहिल्यांदा अंधारात दिसेनासं होतं, म्हणून मी धडकण्याचं विचारलं. त्याच हालात मेंढी गाभण राहिली तर पोटातल्या पिल्लाचे डोळे बनतच नाहीत.

न सांगता बुवाही ओळखायचे. पण कसं ओळखलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ह्या माणसानं विचारल्याबरोबर सांगितलं. माझा विश्वास बसला तो तिथं.

मी चतुराचं सांगितलं. ते म्हणाले, तिला ताबडतोब माणसांच्या दवाखान्यात दाखवा, औषध तिथलेच डॉक्टर देतील, आणि आजपासून शेवग्याचा पाला, तांदुळजा, मिळेल ती पालेभाजी खायला घाला. मग मी अक्काचं सांगितलं. कढईचं सांगितलं.

"मला जमावाची भीती वाटते, मामा," ते म्हणाले.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हा त्यांच्या गावात त्यांची वस्ती जाळली होती. ते आणि त्यांची आई दोन दिवस ज्वारीच्या रानात पडून होते. आदल्या दिवशी ज्यांच्या दारात ताकाला उभे होतो, तीच माणसं टेंभे घेऊन आली, असं ते म्हणाले. मी खाली मान घालून ऐकत होतो. माझ्याच घरात त्या साली काय काय बोललं गेलं होतं ते मला आठवत होतं.

"कढई किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

मंगळवारी दुपारी ते पालमहून चालत आले. देवळापुढं सगळं गाव होतं. किशनराव पारावर बसले होते. त्यांनी पाहुण्याला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर म्हणाले, "मग तिथंच उभं ऱ्हावा." डॉक्टर कडुलिंबाच्या झाडाखाली उभे राहिले. पिशवी त्यांनी खांद्यावरून उतरवली नाही.

अक्काला न्हाऊ घालून ओल्या लुगड्यात आणलं होतं. कढईत तेल होतं. चेल्यानं खाली थोडी पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, लावली. बुवांनी देवीच्या नावानं सात लिंबं कापून कढईत पिळली आणि तेल लगेच खदखदायला लागलं. बुवांनी अंगठी टाकली, बाही वर केली, हात घातला, अंगठी काढून सगळ्यांना दाखवली. बायांनी हात जोडले.

"आता ही काढंल," बुवा म्हणाले. "पर आधी आईची आरती हुंद्या."

आरती सुरू झाली. चेला वाकून कढईखाली पऱ्हाटीची अख्खी पेंढी सारायला लागला.

कोंडाबाई बाजूलाच परातीत कणीक घेऊन बसली होती. तिनं जन्मभर पुऱ्या तळल्यात. बुवाचा हात बाहेर आला तशी तिनं सवयीनं कणकेचा एक बारका गोळा कढईत टाकला, तेल झालंय का बघायला. गोळा सरळ तळाला गेला आणि तिथंच पडून राहिला.

"आवं," ती मला म्हणाली, "तेल तापलंच न्हाई की हे."

ती हळू बोलली होती, पण शेजारच्या बायांनी ऐकलं. एकीनं दुसरीला सांगितलं. बुवा आरती थांबवून ओरडले, की देवीच्या तेलात उष्टा हात घालू नको. आणि परत आरती, आधीपेक्षा लांब. कढईखाली जाळ धडधडत होता.

आरती संपली. बुवांनी अक्काला हातानं पुढं या अशी खूण केली. तेव्हा लिंबाखालून डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आता एक गोळा टाका."

कोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं टाकला. गोळा टरारून फुगला, वर आला आणि बघता बघता लाल झाला. तिला तो झाऱ्यानं काढावा लागला.

प्रत्येक घरात पुऱ्या होतात. जे दिसलं ते कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"बुवा," डॉक्टर म्हणाले, "ह्या तेलात आता तुम्ही हात घालून दाखवा."

"आई येकदाच येतीया अंगात," बुवा म्हणाले.

"घडीपूर्वी तर हुती," दत्तराव म्हणाला. "आता जाळ वाढल्यावर कुटं गेली?"

दत्तरावानं चेल्याची झोळी उलटी केली. त्यात खाण्याच्या सोड्याची पुडी निघाली. डॉक्टरांनी वाटीत चिमूटभर सोडा घेऊन वर लिंबू पिळलं. वाटी गार होती, तरी खदखदली. कढईच्या तळाला आधीच सोडा घातलेला असतो, ते म्हणाले. वरून लिंबू पिळलं की गार तेलातून बुडबुडे येतात. आपला हात त्या तेलात घालायचा, मग आरती लांबवायची, जाळ वाढवायचा आणि दुसऱ्याचा हात खऱ्या तेलात घालायला लावायचा.

एवढ्यानं संपलं असतं, पण बुवा काही लेचापेचा नव्हता. त्यानं अंगठी बोटात घातली आणि लोकांकडं वळून म्हणाला, "तेलाचं ऱ्हाऊ द्या. कोकरांचे डोळे बी सोड्यानंच गेले का? हिच्याच करडांना डोळे कसे, ते विचारा ह्या सायबाला."

गर्दी परत हलली. बुवा खोटा निघाला म्हणून कोकरं बघायला लागणार नव्हती. भीती तिथंच होती, आणि अक्काही तिथंच उभी होती.

तेव्हा अक्का बोलली. तिचा आवाज बसका होता.

"मी शीव मोडली. कार्तिकापासून रोज मोडली. गंगेचा हिरवा घास आणून माझ्या शेळ्यांना घातला. कुणाला सांगितलं न्हाई. माझ्या हातानं झालं असंल तर माझाच हात जळू द्या."

मागून कुणीतरी दगड उचलला. तो दगड मी बघितला आणि उचलणारा हातही ओळखला, पण तो माणूस आज नाही, म्हणून नाव लिहीत नाही. डॉक्टर लिंबाखालून निघाले, पाराजवळून चालत आले आणि अक्काच्या पुढं उभे राहिले. किशनरावांनी त्यांना अडवलं नाही.

"तिनं शीव मोडली म्हणून तिच्या करडांना डोळे आहेत," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही पाळली म्हणून तुमच्या कोकरांना नाहीत."

मग त्यांनी दत्तरावाला विचारलं, की गावात पत्र आलं तर वाचतं कोण. दत्तराव म्हणाला, पालमहून शाळेवर येणारे मास्तर. आणि मास्तर रजेवर असले तर? दत्तरावानं मग त्याच्या घरचंच सांगितलं. त्याच्या सासूच्या आजारपणाचं पत्र आदल्या साली बारा दिवस कोनाड्यात पडून होतं. मास्तर आले आणि वाचून दाखवलं, तेव्हा म्हातारीचा दहावा होऊन गेला होता.

"तसंच आहे हे," डॉक्टर म्हणाले. "पोटातल्या कोकराच्या कणाकणात आईबापाकडून आलेलं लिखाण असतं. डोळा कसा करायचा, पाय कसा करायचा, सगळं. त्याला जनुक म्हणतात. तुमच्या कोकरांचं लिखाण शाबूत आहे. पण ते वाचलं गेलं तरच डोळा होतो, आणि डोळ्याचं पान उघडून वाचायचं काम ह्या जीवनसत्त्वावाचून होत नाही. तेही मेंढी गाभण राहिल्यावर पहिल्या महिना-दीड महिन्यातच. तेव्हा आईच्या अंगात ते नसलं, तर पत्र कोनाड्यात. मागून भारा भरून घास घातला तरी वेळ गेलेली असते."

दत्तरावानं विचारलं, की मग आमच्या मेंढरांचं बेणं नासलं नाही ना? पुढची सगळी आंधळी होणार नाहीत ना? हाच प्रश्न सगळ्यांच्या पोटात होता. डॉक्टरांनी सांगितलं, की परदेशात पन्नास वर्षांमागं एका डुकरिणीला मुद्दाम ह्या जीवनसत्त्वाशिवाय ठेवलं होतं. तिला अकरा पिल्लं झाली, एकालाही डोळे नव्हते. पण पुढं तशा आंधळ्या पिल्लांना मोठं करून नीट खाऊ घातलं, तर त्यांच्या पोटी डोळस पिल्लं आली. पिढी शापानं आंधळी असती तर असं झालं नसतं.

एवढं होईतो बुवा आणि चेला देवळामागून निघून गेले होते. त्यांना कुणी अडवलं नाही. कढई मात्र राहिली.

सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. किशनराव म्हणाले, बुवा खोटा असेल, देवी खोटी नाही. चार-पाच घरांनी अक्काशी बोलणं परत कधीच सुरू केलं नाही. पण दिवस मावळायच्या आत दत्तरावानं पूर्वेकडचा दोरा विळ्यानं तोडला, मी खिळे उपटले आणि दुसऱ्या दिवशी आमची मेंढरं गंगेकडं उतरली. अक्का पुढं चालत होती, कारण घासाचा मळा तिलाच ठाऊक होता.

चतुराला दवाखान्यात औषध मिळालं. काही दिवसांत तिला सांजेला दिसायला लागलं. आषाढात तिला मुलगा झाला. दाई बाळाला पुसत होती आणि मी दाराबाहेरून एकच विचारत होतो, डोळे उघडले का? उघडले होते.

पुढच्या चैत्रात दत्तरावाच्या वाड्यात एकही कोकरू आंधळं निपजलं नाही. त्या वाईट सालची एक आंधळी कोकरी अक्कानं हातानं दूध पाजून जगवली होती. ती एकोणनव्वदला व्याली. तिचं कोकरू उड्या मारत आईला सोडून पळायचं आणि ती वासावर त्याला शोधत फिरायची. ते बघायला डॉक्टर परभणीहून आले. त्या दिवशी ते फार खुशीत होते. आमच्या कढईच्या सालीच शास्त्रज्ञांना पेशीच्या आतली ती जागा सापडली, ते म्हणाले, जिथं हे जीवनसत्त्व जाऊन बसतं आणि लिखाण उघडतं. किशनरावांच्या पारावर बसूनच त्यांनी हे आम्हाला सांगितलं. त्यानंतर वर्षभरानं गावात प्रौढांचा वर्ग निघाला आणि मी पन्नाशी उलटल्यावर पाटी घेतली.

आता मला म्हणायचं आहे ते एवढंच. संकट आलं की भीती वाटते, त्यात लाज नाही. पण भीतीच्या दिवसांत जो माणूस कारण सांगत नाही आणि नाव सांगतो, त्याचं ऐकू नका. त्याला विचारा, तुला कसं कळलं? तो सांगेल ते स्वतः करून बघा, निदान कणकेचा गोळा टाकण्याइतकं तरी. आणि सगळ्या गावात एकाचंच नीट चाललं असेल तर त्याला ओढून आणण्याआधी तो वेगळं काय करतो ते बघा. आम्ही बघितलं नाही. आमची कोकरं गेली, आणि एका बाईचा हात जायचा राहिला तो थोडक्यात.

ज्या नामांतरापायी डॉक्टरांची वस्ती जळाली, त्या विद्यापीठाच्या नामविस्तारानंतर नवव्या दिवशी माझी बहीण भिवराबाई, रविवार, २३ जानेवारी १९९४ रोजी दुपारी, चार दिवसांच्या तापानं वारली.